देवळासमोरचा चढ आणि बारा व्होल्टची बॅटरी

जुन्या मोटारींचं कौतुक करणारी माणसं हल्ली पुष्कळ दिसतात. रविवारी गाडी पुसून चकाकवतात, रस्त्यावर आणतात आणि तिच्या बॉनेटवर कोपर टेकवून फोटो काढून घेतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. हीच गाडी वर्षभर रोज सकाळी चार माणसांच्या हातापाया पडून ढकलून घ्या, आणि मग कौतुक करा.

आमच्याकडे अशी एक गाडी होती. काळी, विलायती, गोल डोळ्यांची. तिचा जन्म स्वातंत्र्याच्या आसपासचा, पण आमच्या दारात ती आली आणीबाणी उठल्यानंतर. आमचे हे रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथले एक मोठे साहेब नोकरी सोडून परदेशी निघाले आणि जाता जाता ही गाडी ह्यांच्या गळ्यात बांधून गेले. ह्यांना वाटलं, साहेबांनी मेहेरबानी केली. मला विचाराल तर साहेबांना दारात भंगारवाला बोलवायची लाज वाटली, एवढंच.

आमचं गाव चौक-कर्जत रस्त्यापासून थोडं आत. आमची बौद्धवाडी गावाच्या खालच्या टोकाला, वहाळाच्या काठी. वाडीतून बाहेर पडायला रस्ता एकच. तो चढ चढत वरच्या आळीत जातो, मारुतीच्या देवळासमोरून वळतो आणि पुढे डांबरी रस्त्याला लागतो. मी शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होते, त्यामुळे वाडीत आणि गावात मला सगळे ‘बाई’ म्हणत. ह्यांना मात्र वरच्या आळीतली शेंबडी पोरंसुद्धा अरे-तुरे करत. हे ते चालवून घेत. मी घेत नसे, आणि घरात आमची निम्मी भांडणं त्यावरूनच होत.

गाडीचं दुखणं एकच होतं. आताच्या गाड्यांना बारा व्होल्टची बॅटरी असते, हिला होती सहाची. बॅटरीतली वीज कॉइलमध्ये जाते, तिथे ती वाढते, मग प्लगला जाते, प्लगमध्ये ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं, असं हे मला जेवताना ताटात शेंगदाणे मांडून समजावत. आमच्या गाडीत ठिणगीच अशक्त. स्टार्टर दाबला की आजारी म्हशीसारखी एकदा हंबरायची आणि गप्प. पावसाळ्यात तर हंबरायचीही नाही. दिवे असे, की समोरून येणारा माणूस आपल्या हातातला कंदील वर करून विचारायचा, कोण आहे म्हणून. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमायची, ती हे आठवड्याला गरम पाण्यानं धूत. माझ्या चहाचं आधण त्यात कितीदा गेलं, त्याला हिशेब नाही.

म्हणून मग ढकलणं. वाडीतून निघताना आमची माणसं ढकलत. पण चढावर, देवळाच्या आसपास, गाडी पुन्हा मान टाकी, आणि तिथे वरच्या आळीतले लोक हात लावत. सकाळची वेळ, चार जण पारावर बसलेले असायचे. उठायचे, हसायचे, ढकलायचे. मी सुरुवातीला त्यांचे आभार मानत असे. मग हळूहळू कानावर येऊ लागलं, ‘आमी ढकलतो म्हनून चालते यांची मोटार.’ आणि त्याच जोरावर कुणाला ताप आला, कुणी झाडावरून पडलं, की हक्कानं निरोप यायचा, ‘गाडी काढ रं.’ गावात दुसरी मोटार नव्हती. हे जेवणावरून उठून गाडी काढत.

त्याबद्दलही मी काही म्हणत नाही. दुखण्याला गाडी द्यावीच. पण गाडीत बसताना ही माणसं आधी आपली चादर घेऊन येत आणि गादीवर अंथरत. मला वाटायचं, आजारी माणसाला मऊ लागावं म्हणून असेल. एकदा सरपंचांच्या आईचा पाय मोडला, तेव्हाही चादर आली. सरपंचांच्या बायको ती नीट चारी बाजूंनी खोचत होत्या. मी म्हटलं, “अहो, गादी स्वच्छ आहे, कालच पुसलीय.” त्यावर त्या अगदी मायेनं, लहान मुलीला समजवावं तशा म्हणाल्या, “तसं नाय गं बाई. पत्र्याला काय इटाळ नसतो, गादी कापडाची, म्हनून आपली चादर.”

म्हणजे ढकलताना पत्र्याला हात लावलेला चालतो आणि बसताना गादीला अंग लागलेलं चालत नाही, असा हा कायदा होता. छप्पन साली आमच्या वडीलधाऱ्यांनी धम्म घेतला, त्याला वीस वर्षं उलटून गेली होती. शेजारच्या गावातल्या माझ्या शाळेत वरच्या आळीतलीच पोरं शिकायला येत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आणि गंमत म्हणजे गादी कापडाची नव्हतीच, अस्सल चामड्याची होती. ते कुठल्या विलायती गाईचं चामडं होतं हे मी तेव्हा त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

घरी येऊन ह्यांना म्हटलं, “यापुढे चादर आणली तर गाडी द्यायची नाही.” हे म्हणाले, “म्हातारीचा पाय मोडलावता गं. चादरीचं काय घेऊन बसलीस?” ह्यांचं हे असंच. ‘नाही’ हा शब्द ह्यांच्या तोंडात बसतच नसे. कुणी काहीही मागावं, ह्यांचं उत्तर ठरलेलं, “बरं, बघतो.”

गाडी आल्यावरच्या पहिल्याच जयंतीला वाडीतल्या तरुणांनी ठरवलं, की मिरवणूक या खेपेला वाडीपुरती ठेवायची नाही, गावातून डांबरी रस्त्यापर्यंत न्यायची. चौदा एप्रिलची मिरवणूक म्हटल्यावर तसबीर कुणाची, ते वेगळं सांगायला नको. आजवर ती बैलगाडीत बसून वहाळाच्या कडेनं फिरून परत यायची. आता घरची मोटार होती. चार जण सरपंचांकडे जाऊन बोलून आले. सरपंच म्हणाले, “जावा की. आमचं काय म्हननं नाय. पन देवळाम्होरं थांबायचं नाय. थांबलात तर पुढल्या वर्षापासून तुमचं तुमच्या वाडीत.”

आमची माणसं खूश झाली. मला मात्र तेव्हाच राग आला होता. रोज सकाळी आमची गाडी त्याच रस्त्यानं, त्याच देवळासमोरून जात होती. रडतखडत, थांबत, ढकलली जात. तेव्हा तो रस्ता सरकारी होता. गाडीत तसबीर बसली की तोच रस्ता देवळाचा झाला. पण मी बोलले की सगळे म्हणत, बाईंना भांडायला निमित्त लागतं.

तरुणांनी गाडी सजवली. झेंडूच्या माळा, निळ्या पताका, आणि पुढच्या सीटवर तसबीर. ती दोरीनं पक्की बांधलेली. तसबिरीभोवती लहान लहान बल्बची माळ, आणि ती माळ गाडीच्या बॅटरीला जोडायची, असा हट्ट. ह्यांना ते पटत नव्हतं. गाडी मिरवणुकीच्या चालीनं चालली की डायनमो बॅटरीत काही भरत नाही, नुसता उपसा होतो, हे ह्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणी ठणकावून नाही सांगितलं असतं. पण ‘दादा, लाइट पायजेच’ असं दोघातिघांनी म्हटल्यावर हे म्हणाले, “बरं, बघतो.” आणि माळ जोडली.

दिवेलागणीला मिरवणूक निघाली. पुढे लेझीम, मध्ये गाडी, मागे आम्ही बायका पांढऱ्या साड्या नेसून. चढ लागला आणि मला दिसलं, तसबिरीभोवतीचे बल्ब पिवळ्याचे तांबडे व्हायला लागले होते. देवळासमोर आलो. गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. नेमकी पायऱ्यांसमोर.

आमची मुलं ढकलायला धावली, तर वरच्या आळीचे लोक मध्ये आले. “मुद्दाम बंद पाडली,” कुणीतरी ओरडलं. ज्यांचे हात रोज सकाळी त्याच जागी त्याच पत्र्याला लागत, ते हात त्या संध्याकाळी सोवळे झाले. एक जणही पुढे आला नाही. एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसले असते. पण एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, “म्होरं न्यायची नाय. आली तशी मागं घ्या.” आणि आमच्या लोकांनी भांडण नको म्हणून ते ऐकलं. चढावरून गाडी मागे मागे सोडत वाडीत आणली. तसबिरीचं तोंड गावाकडे, आणि गाडी मागे सरकतेय. हे मान मागे वळवून सुकाणू धरून बसलेले. मी खिडकीला हात लावून बाजूनं चालत होते. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी हे सरपंचांकडे गेले. भांडायला नव्हे, माफी मागायला! मला कळलं तेव्हा मी भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले. हे म्हणाले, “ऐक तरी. मी इचारलं त्यांना, गाडी थांबली नाय तर? तर म्हनले, एक डाव देतो आनखी. थांबली की संपलं.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“बरं म्हनलो.”

मी म्हटलं, “मग ऐका. पुढच्या जयंतीच्या आत ही गाडी बटण दाबल्या दाबल्या सुरू झाली पाहिजे. चढावर, उतारावर, बैलाच्या चालीनं, कशीही. नाहीतर मी स्वतः ती वहाळात ढकलून देईन. ती ढकलायला मला कुणाची गरज लागणार नाही.”

आता हे सगळं लिहिताना मला दिसतं, की एका बॅटरीवर आम्ही किती ओझं टाकलं होतं. वाडीतल्या दीडशे माणसांना गावच्या रस्त्यावरून मान वर करून चालता येणार की नाही, ते कॉइलच्या ठिणगीवर ठरणार होतं. हे कुणा शहाण्या माणसाला सांगितलं तर हसेल. तेव्हा आम्हाला हसू येत नव्हतं.

ह्यांनी रविवार धरले. आधी कर्जतला स्टेशनजवळच्या मेकॅनिकला दाखवली. तो म्हणाला, “हिच्यात बारा व्होल्ट घातले तर सगळं जळून जाईल. हिला भंगारात घाला आणि स्कूटर घ्या.” ह्यांनी मुंबईला जुन्या बाजारात दोन खेपा घालून बारा व्होल्टची कॉइल आणली. पॉइंट आणि कंडेन्सर नवे आणले, प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या. डायनमो खोलून पनवेलला नेला आणि त्यातली तार बाराच्या हिशेबानं नव्यानं भरून आणली. बॅटरी नवी कोरी, पूर्वीपेक्षा मोठी. ती जुन्या पेटीत बसेना, म्हणून कारखान्यातल्या वेल्डरकडून लोखंडी चौकट करून घेतली. स्टार्टर मात्र जुनाच ठेवला. हे म्हणाले, “त्याला आता दुप्पट खायला मिळनार, बघ कसा नाचतो.”

वाडीतली माणसं येऊन बघून जात. पारावरच्या लोकांनाही खबर होती. सकाळी हे सायकलवर कारखान्यात जाताना दिसले की ते विचारत, “काय रं, मोटार विकलीस का? ढकलायला हात शिवशिवत्यात आमचे.” हे हसून पुढे जात. मी मागून चालत असे, मला हसता येत नसे.

बॅटरी जोडली तो दिवस चांगला आठवतो. सगळी वाडी अंगणात. ह्यांनी सगळं बदललं होतं आणि हॉर्न विसरले होते. तो सहाचाच. आनंदाच्या भरात आधी हॉर्नचं बटण दाबलं, तर तो असा किंचाळला की दावणीचे बैल उधळले, कोंबड्या छपरावर गेल्या आणि हॉर्न काही थांबेना. वायर उपटल्यावर गप्प झाला तो कायमचा. पुढचे दिवे लावून पाहिले, तर फट्‌ फट्‌ करून दोन्ही बल्ब गेले. मी कपाळावर हात मारून घेतला. मग ह्यांनी स्टार्टर दाबला. दाबला म्हणेपर्यंत गाडी सुरू! पुन्हा बंद केली, पुन्हा दाबला, पुन्हा सुरू. एक म्हातारी आत्या पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “झाली गं बाय, पायावर उभी राह्यली.” मला तिचा राग आला, कारण माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

जयंतीचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळीच गाडी सजवून ठेवली होती. तसबीर पुढच्या सीटवर, बाराच्या नव्या बल्बची माळ जोडलेली. मिरवणूक संध्याकाळी होती. सकाळी आम्ही विहारात वंदनेला निघालो होतो, तोच सरपंचांचा मुलगा चढावरून धावत आला. त्याची बायको पहिलटकरीण. दोन दिवस अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. तो ह्यांच्यासमोर उभा राहिला आणि पहिल्यांदाच ‘अहो’ म्हणाला. “अहो, गाडी काढा. मरंल ती.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणणार? मी म्हटलं, “चला.” तसबीर सोडायला वेळ नव्हता, दोऱ्या, तारा, माळा सगळं गुंतलेलं. तशीच गाडी वर नेली. सरपंचांच्या दारात पोरीला चौघांनी उचलून आणलं. मी मागे बसले आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. पुढे तसबिरीची दोरी एका बाजूनं सुटली होती. सरपंचांचा मुलगा पुढे बसला आणि तसबीर पडू नये म्हणून त्यानं ती दोन्ही हातांनी मांडीवर धरली. सरपंचांच्या बायको म्हणाल्या, “थांबा, थांबा,” आणि आत पळाल्या. कशाला, ते मला ठाऊक होतं.

पूर्वी गाडी ढकलून सुरू होईपर्यंत दहा चादरी अंथरून झाल्या असत्या. ह्यांनी बटण दाबलं आणि गाडी निघाली. मागच्या काचेतून मला दिसलं, त्या घडी घातलेली चादर पोटाशी धरून दारात उभ्या होत्या आणि आम्ही देवळासमोरून वळत होतो. पारावरची माणसं उठून बाजूला झाली. पोर माझा हात पिरगाळत म्हणत होती, “बाई, थांबू नका हो, थांबू नका.” मी म्हटलं, “थांबत नाही गं.”

कर्जतच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर दोघंही गेली असती. मुलगा झाला. पोर ग्लानीत होती, तरी तिनं माझा पदर सोडला नव्हता. तो सोडवून आम्ही परत निघालो. येताना मला ह्यांच्या गाडीचा, ह्यांच्या कॉइलचा, सगळ्याचा एवढा अभिमान वाटत होता, की मी सरपंचांनाही माफ करून टाकलं होतं.

दुपारी सरपंच स्वतः आले. वाडीत आले नाहीत, वाडीच्या तोंडाशी आंब्याखाली उभे राहिले आणि ह्यांना बोलावणं पाठवलं. मीही गेले. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाले, “नातू झाला. तुझ्यामुळं दोन जीव वाचले रं.” मग ते म्हणाले, “आता असं कर. सांच्याचं तेवढं राहू दे. सकाळी तुमची तसबीर गेलीच की देवळावरून. आमचाच पोरगा मांडीवर घेऊन बसलावता. झाली की मिरवनूक. परत कशाला?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आम्ही त्यांच्या घरचं बाळंतपण घेऊन धावलो, ती आमची मिरवणूक! त्यांची गरज रस्त्यानं गेली, तिच्यासोबत आमची तसबीर गेली, आणि तेवढ्यात आमचा रस्त्यावरचा हक्क फिटला! ह्यांनी खाली बघत पायानं माती सारखी केली आणि म्हणाले, “बरं, बघतो.”

घरापर्यंत मी ह्यांच्या पुढे तरातरा चालत आले. घरात शिरल्यावर मात्र फुटले. “बरं काय? बरं काय म्हणालात? अख्खं वर्ष रविवार जाळलेत ते ‘बरं’ म्हणण्यासाठी?” हे बाहेर गेले, बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्यानं पुसली, परत बसवली. मी दारातून पाहत होते. मला वाटलं, हा माणूस सवयीनं पुसतोय. गाडी आज हलणार नाही.

ऊन उतरल्यावर ह्यांनी अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला, तसबिरीची दोरी नव्यानं बांधली आणि लेझीमवाल्यांना म्हणाले, “चला.” बस्स, एवढंच.

मिरवणूक निघाली. गेल्या वर्षापेक्षा माणसं कमी होती. काही जण घाबरून घरीच राहिले होते. गाडी बैलाच्या चालीनं चढ चढू लागली. मी बल्बकडे बघत होते. ते जसेच्या तसे, पांढरे शुभ्र. इंजिन एका सुरात चाललेलं. देवळासमोर वरची आळी जमली होती. सरपंच पायरीवर उभे होते. कुणी आडवं आलं नाही, पण सगळ्यांचे डोळे गाडीच्या चाकांवर होते. थांबते की नाही, एवढंच बघायला आल्यासारखे. मी मनात म्हणत होते, चल बाई, चल, आणखी थोडं.

आणि पायऱ्यांसमोर, गेल्या वर्षी होती त्याच जागी, गाडी थांबली. इंजिन बंद.

लेझीम थांबली. पारावर कुणीतरी “थांबली रं!” म्हणून ओरडलं. मग एक गोष्ट झाली, ती गेल्या वर्षी झाली नव्हती. वरच्या आळीतले तिघेचौघे लगबगीनं पुढे आले आणि त्यांनी गाडीच्या पाठीला हात लावले. देवळासमोरून ती लवकर हटावी म्हणून. “चला, ढकलतो आमी,” त्यातला एक म्हणाला. “हटवा आधी म्होरं.”

हे दार उघडून खाली उतरले. चावी ह्यांच्या हातात होती. इंजिन बंद होतं, तरी तसबिरीभोवतीचे सगळे बल्ब लखलखत होते. ते बघितलं आणि मला समजलं.

“हात काढा,” हे म्हणाले. आवाज चढवला नाही. “बंद पडली नाय. मी बंद केलीय.”

त्या माणसांनी हात काढले. सरपंच दोन पायऱ्या खाली आले. काय ठरलं होतं, ते ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण सकाळपासून आणखीही पुष्कळ काही झालं होतं, आणि ते सगळ्या गावानं पाहिलं होतं. त्यांनी एकदा बल्बांकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. मग विचारलं, “किती येळ?”

“आमची वंदना होईस्तवर,” हे म्हणाले.

मी साडी सावरली आणि रस्त्यावर, तिथेच मातीत, खाली बसले. माझ्यामागे एकेक करत वाडीतल्या सगळ्या जणी बसल्या.